डावा हात वर केला की

दाताच्या दवाखान्याची भीती मला आठव्या वर्षी, धुळ्यात बसली. दाढ काढायची होती. इंजेक्शन दिलं होतं, पण जबडा नीट बधिर झाला नव्हता. तोंडात पकड असतानाच मी ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणून ओरडत होतो. आबांनी, म्हणजे वडिलांनी, माझे दोन्ही हात खुर्चीला दाबून धरलेले. “काही दुखत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि ओढत राहिले. दुखणं विसरलो, पण कुणी थांबलं नाही, ते विसरता आलं नाही.

पुढे चाळीस वर्षं मी दाताच्या डॉक्टरासमोर तोंड उघडलं नाही. उजवीकडची दाढ किडली तसा डावीकडून खायला लागलो. बोदवडच्या शाळेत मुलांना दात कसे घासायचे ते शिकवताना माझ्याच जबड्यात ठणका असायचा. कुणाला सांगितलं नाही. मागच्या वर्षी गाल एवढा सुजला, की डोळा बारीक झाला आणि अंगात ताप भरला. अमळनेरहून माझी मोठी बहीण, अक्का, आली. बघताच अहिराणीत म्हणाली, “आते लहान शे का तू? चाल जळगावले.”

जळगावच्या दवाखान्यात माझं नाव पुकारलं आणि मी उठून सरळ जिना उतरलो. रस्त्यावर येऊन थांबलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. अक्का मागोमाग आली. रागावेल असं वाटलं, पण ती नुसती शेजारी उभी राहिली. मग मी तिला पहिल्यांदाच धुळ्याची गोष्ट सांगितली. तिनं वर जाऊन ती डॉक्टरीणबाईंना जशीच्या तशी ऐकवली.

त्या दिवशी बाईंनी फक्त दाढेचा फोटो काढला. समोरच्या पडद्यावर मुळाशी काळा डाग दिसला. “सर, आज हात लावत नाही. गोळ्या घ्या, सूज उतरू द्या.”

आठवड्यानं परत गेलो. खुर्चीत बसलो. बाई म्हणाल्या, “डावा हात वर केला की मी थांबणार. कारण सांगायचं नाही.”

हिरडीला आधी गोडसर मलम लावलं. मग पेनासारखं एक यंत्र आलं. ते बधिर करायचं औषध एकेक थेंब सोडतं म्हणे. सुई कधी टोचली कळलं नाही. मग दाढ कोरायचं मशीन सुरू झालं. दुखत नव्हतं. पण आता दुखेल, मग दुखेल, म्हणून जीव मुठीत धरून होतो.

मी हात वर केला.

मशीन थांबलं. “दुखलं?” मी मान हलवून नाही म्हटलं. “बरं,” म्हणून त्या वाट बघत राहिल्या.

थोड्या वेळानं मी पुन्हा हात वर केला. त्या पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंनी कागदी रुमाल पुढे केला.

दाढ वाचली. भीती गेली, असं मात्र म्हणणार नाही. पुढच्या वेळी जळगावला एकटाच निघालो होतो. वाटेत भुसावळला उतरून परतीची गाडी धरावी असं फार वाटलं. पण जागेवरून उठलो नाही.