गेणूची वेणी

गेणूची वेणी संदेशने कापायला लावली, आणि वर त्याला वाटलं की आपण एका माणसाचं भलं केलं.

लोणावळ्याजवळ कुरवंड्यात, नागफणीच्या सुळक्याकडे जाणाऱ्या वाटेला लागून, संदेशचे तंबू आहेत. गडी वडगावला आयटीआय शिकलेला. सहा महिने कंपनीत होता, तिथे सुपरवायझरशी वाजलं म्हणून घरी आला आणि वडिलांच्या माळावर पर्यटकांसाठी नऊ तंबू ठोकून मोकळा झाला. ठोकले म्हणजे गेणूने ठोकले. शेकोटी पेटवणं, पोहे करणं, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सकाळी सुळक्यापर्यंत नेऊन जिवंत परत आणणं, हे सगळं गेणूचं खातं. मालकाने फक्त मोबाईल धरायचा आणि "गेणूऽऽ" म्हणून हाक मारायची.

गेणू वरच्या वाडीतला. वय पंचेचाळीस, म्हणजे संदेशपेक्षा वीस वर्षांनी थोरला. तरी संदेश त्याला अरेतुरे करायचा आणि तो संदेशला शेट म्हणायचा. गाव आणि वाडी यांच्यात ते तसंच चालत आलेलं. अंगाने वाळक्या कारवीच्या काठीसारखा, ओठावर भरघोस मिशी, आणि पाठीवर कमरेपर्यंत आलेली, तेल लावून घट्ट घातलेली वेणी.

आता मिशी आणि वेणी एकाच माणसाला असली की लोकांच्या जिभेला खाज सुटते. मागून येणारा "ओ ताई, जरा सरका" म्हणायचा आणि गेणू वळला की दचकायचा. पाहुण्यांतला कुणीतरी हमखास गुपचूप फोटो काढायचा. संदेशचा दोस्त सत्यम रोज नवा विनोद घेऊन यायचा आणि तो रोज जुनाच असायचा: "गेणू, आज गजरा न्हाई माळला?" गेणूकडे प्रत्येकाला उत्तर होतं. एसटीच्या कंडक्टरने एकदा भर गाडीत विचारलं, "बाई का बुवा?" तर गेणू म्हणाला, "बाई म्हना सायेब, म्हंजी हाफ तिकीट पडंल." अख्खी गाडी हसली. गेणूही हसला. त्यामुळे याला काही लागत नाही अशी सगळ्यांची समजूत होती, संदेशचीही.

केस का वाढवले, हे कुणी धड विचारलं नाही. "नवस आहे का रे?" एवढंच एकदा संदेशने विचारलं होतं, आणि गेणू "तसंच समजा" म्हणाला होता.

दिवाळी झाली आणि मुंबईच्या एका ऑफिसातल्या चाळीस जणांचं बुकिंग आलं. जागा बघायला आलेल्या साहेबाने गेणूला पोहे ढवळताना पाहिलं आणि संदेशला बाजूला घेतलं. "हा असा माणूस किचनला? आमच्या लेडीज स्टाफला कसंतरीच वाटेल. आणि जेवणात केस निघाला तर?"

साहेबाची गाडी वळणाआड जाताच संदेश म्हणाला, "गेणू, केस काप."

"टोपी घालतो, शेट."

"टोपीखालनं शेपूट लोंबेल त्याचं काय?"

"फेटा बांधतो. सम्दी आत गुंडाळतो."

"लग्न आहे का कुणाचं?"

गेणू जरा घुटमळला. "आये रागं भरंल, शेट."

सत्यम पोट धरून हसला. "अरं घोड्या, नातवंडं खेळवायचं वय तुझं, आन आईला भितो?" हसण्यात संदेशही होता. "वेणी नाहीतर काम. एक काय ते ठरव," असं तो बोलून गेला, आणि बोलल्यावर जरा जड वाटलं म्हणून म्हणाला, "चल, लोणावळ्यात एसी सलूनमध्ये कापू. माझ्याकडून दिवाळी."

खुर्चीत गेणूने डोळे मिटून घेतले. वेणी सबंध निघाली. कारागिराने ती हातात तोलली नि विचारलं, "देऊ का बांधून?"

"ठेव तुलाच," संदेश म्हणाला. गेणूचा पुढे आलेला हात मागे गेला.

बाहेर आल्यावर संदेशने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पटापट अंगठे आले. "आता कसा माणसात आलास!" संदेश म्हणाला. गेणू मानेवरून सारखा हात फिरवत होता. "गार लागतंय वो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेणू आला नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि शनिवारी चाळीस माणसं येणार. संदेश तणतणत वाडीवर चढला. काय काय सुनवायचं ते त्याने पाऊण तासाच्या चढणीत पाठ केलं होतं.

उंबऱ्यात गेणूची आई बसली होती. मांडीवर फणी, शेजारी तेलाची बाटली. समोर गेणू उकिडवा बसलेला.

"कुन्या गावचा रं तू, बाबा?" ती गेणूला विचारत होती. "आमची चिंगी दिसली का वाटंला? डोकं इंचरायचं राह्यलंय तिचं."

"यील, आये," गेणू म्हणाला. "तू तवर दोन घास खा."

"तिचं डोकं इंचरल्याबिगर कशी खाऊ? पोर उपाशी हिंडत आसंल."

संदेशने पाठ केलेलं सगळं तिथेच गळालं.

आत चुलीपाशी गेणूची बायको रतन भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता सांगितलं. चिंगी ही गेणूची पाठची बहीण. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. वाडीला रस्ता तेव्हाही नव्हता, आताही नाही. घोंगडीची डोली करून तिला खाली न्यायला निघाले, ती वाटेतच गेली. पोटातला जीवही गेला. म्हातारीने ते गिळलं, नाचणी पेरली, मोळ्या वाहिल्या. चार वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला, तेव्हा पहिल्यांदा ती चिंगीचं मरण विसरली. गेणू त्या वेळी दुखण्यातून उठलेला, केस मानेवर आलेले. अंगणात पाठमोरा बसला होता. म्हातारी फणी घेऊन आली आणि "चिंगे, कसला गं गुत्ता केलास," म्हणत विंचरायला बसली. गेणू हलला नाही. त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली.

"तवापास्नं रोज सकाळी," रतन म्हणाली. "तिच्याम्होरं पाठ करून बसायचं. त्वांड दाखवायचं न्हाई, मिशी हाय ना. ती इंचरनार, वेणी घालनार, सासरच्या चौकशा करनार. ह्ये नुसतं हूं हूं करायचे, बारीक आवाजात." ती जराशी हसली आणि मग तिने पदर तोंडाला लावला. "कापल्याली वेणी तरी आनायची वो. तिच्याच हातची व्हती ती. त्याच सकाळची."

संदेश तसाच खाली उतरला आणि गाडी काढून सलून गाठलं. वेणी केसांवर भांडी देणाऱ्या बाईकडे गेली होती, आणि ती बाई फिरतीवर, कामशेत की तळेगाव कुणाला ठाऊक नाही. मग बाजारातून त्याने खोट्या केसांचं गंगावन घेतलं, लांबसडक, काळंभोर. दुकानदाराने "मिसेससाठी का?" विचारलं तर "हो" म्हणाला. लग्न अजून ठरायचं होतं.

रतनने गंगावन गेणूच्या बोटभर केसांत आकड्यांनी अडकवलं. गेणू पाठ करून बसला. म्हातारीने चाचपलं, वास घेतला. "त्याल न्हाई लावलंस व्हय गं?" म्हणून बाटलीतलं तेल तळहातावर ओतलं. चेहरा उजळलेला. मग फणी घातली, आणि दुसऱ्याच ओढीला सगळं गंगावन तिच्या हातात आलं.

"पोरीचं क्यास निगालं! काय क्येलं रं माज्या पोरीला?"

वाडीतली माणसं धावत आली. म्हातारी थांबेना. शेवटी गेणू वळला, मिशीसकट. "आये, म्या गेणू. चिंगी न्हाई आता. चिंगी ग्येली, आये."

"कवा?" म्हातारीने विचारलं.

गेणूला ते सांगता येईना. मग ती रडली, जणू पोरीला आत्ताच दारातून नेलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तर पुन्हा फणी घेऊन उंबऱ्यात. रडलेलं विसरली होती, वाट बघायचं विसरली नव्हती.

शनिवारी चाळीस माणसं आली, जेवली, गेणूकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. साहेबाने स्वच्छतेला पाच स्टार दिले. सत्यमने "आता कसा मर्द दिसतोस!" म्हणून पाठीत थाप घातली. गेणूने मानेवरून हात फिरवला आणि पातेलं घासायला घेतलं.

केस महिन्याला किती वाढतात, ते संदेशने मोबाईलवर शोधलं. बोटाचं अर्धं पेर. तो मग दोन-चार दिवसांआड वर जायला लागला. म्हातारीला दात नाहीत म्हणून चिक्कीऐवजी मऊ चॉकलेट फज न्यायचा. ती तुकडा हातात घ्यायची आणि चिंगीसाठी म्हणून उशाखाली ठेवायची. जानेवारीत तिने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

एका दुपारी तिने संदेशचं मनगट धरलं.

"गावातला न्हवं रं तू?"

"हो, मावशी."

"पोर अडलीया. डोलीला तिगंच हायती. गावात सांगावा धाडलाय, पन कुनी येईना. तू धरशील एक टोक?"

संदेशने गेणूकडे पाहिलं. गेणू कुडाकडे बघत राहिला, म्हातारीला भास होतोय असं काही म्हणाला नाही. त्यावरून संदेशला कळलं की गावातून तेव्हा खरंच कुणी गेलं नव्हतं. गावात तेव्हा त्याचे वडील होते, चुलते होते.

"धरतो, मावशी."

"यी मंग. लय वजनाची न्हाई पोर."

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली, नऊच्या नऊ तंबू भरले. गेणू आईपाशी होता, म्हणून पाहुण्यांना घेऊन संदेशलाच सुळक्यावर जावं लागलं. खाली रेंजमध्ये आल्यावर फोनवर गेणूचे तीन मिस कॉल. तो धापा टाकत वाडीत पोचला तोवर म्हातारीची माती झाली होती. गेणू अंगणात ओल्या कपड्यांनी बसलेला.

"किती जण होता न्यायला?" संदेशने विचारलं.

"तिगं. बाकीचे सुट्टीच्या कामाला खाली हाटिलात. चौथं टोक रतननं धरलं," गेणू म्हणाला. "हलकीच व्हती, शेट."

दहाव्याला गेणूने डोकं भादरलं आणि दोन दिवसांनी कामावर आला. एका पाहुण्याने त्याच्या चकचकीत टकलावर काहीतरी विनोद केला. संदेश उठला, तर गेणूनेच मान हलवून त्याला खाली बसवलं आणि पोह्यांखालचा जाळ मागे ओढला.

टोक धरतो म्हणून म्हातारीला दिलेला शब्द राहिला तो राहिलाच. निदान गेणूपाशी तेवढं बोलून टाकावं, असं संदेशने तीन-चारदा ठरवलं. दर वेळी बुकिंगचा फोन येतो आणि तो उचलतो.