आम्ही अजून बाहेरच आहोत

बडोद्याची गाडी संध्याकाळची होती, पण आम्ही दुपारीच निघालो. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आईने माझ्या हातावर दही घातलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "मागे बघू नको गो, पाय अडतत." मी बघितलं. बाबा गॅलरीत कठड्याला टेकून उभे होते, पण तोंड भिंतीकडे केलेलं. लग्नाला एकच दिवस झाला होता. नवऱ्याने माझी ट्रंक उचलली आणि आम्ही जिना उतरलो. गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं, त्यामुळे चाळीतले सगळे पुरुष घरीच असायचे. जिन्यावर, नळापाशी, खाली ओट्यावर माणसंच माणसं उभी. बाबा स्टेशनवर आले नाहीत.

चाळीतून माझ्यासारखे पांगलेले आणि तिथेच राहिलेले, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांना यातली मुख्य गोष्ट माझ्या आधीपासून माहीत होती.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. बाबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. संप सुरू झाला तेव्हा मी आमच्याच रस्त्यावरच्या एका टायपिंग क्लासला जात होते. माझ्या शेजारच्या मशीनवर वरळी कोळीवाड्याचा मोरेश्वर बसायचा. त्याच्या आईची हौस होती की नवरा होडीवर गेला तो गेला, पोराने तरी खुर्चीत बसून पोट भरावं. पण दोर ओढून मोरूची बोटं इतकी जाड झालेली की एक अक्षर दाबायला जावं तर दोन दाबली जायची. सर ओरडायचे. मी हसायचे. तो म्हणायचा, "हस हस. जाळं विणायला ये एकदा, मग बघतो तुझी बोटं."

संपाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात घरात डाळीत पाणी वाढत गेलं. एक दिवस क्लास सुटल्यावर मोरूने वर्तमानपत्राची पुडी माझ्या पिशवीत कोंबली. सुके बोंबील होते. "आईने दिलेत," म्हणाला. "संपवाल्यांच्या घरात द्यायचे म्हणते." मी घरी सांगितलं की मैत्रिणीने दिले. पुढे जवळा आला, सुका बांगडा आला. आई वास घ्यायची, खूश व्हायची. तिने कधी विचारलं नाही की कुठली ही मैत्रीण.

आम्ही दोघांनी एकच सिनेमा एकत्र बघितला. लालबागच्या थिएटरात, दुपारचा खेळ. ओळखीचं कोणी बघेल म्हणून मोरूने शक्कल लढवली: मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसायचं. बसलो. दिवे गेले आणि एक जाडा माणूस येऊन बरोबर त्या रिकाम्या खुर्चीत बसला. अख्खा सिनेमा मला मोरूचा फक्त गुडघा दिसत होता. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा कळलं, तो जाडा माणूस बाबांच्या खात्यातला फिटर होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मोरूकडे, आणि शांतपणे शेंगा सोलायला लागला.

घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली. बाबा ओरडले नाहीत. फक्त ताटातल्या बोंबलाकडे बघून म्हणाले, "सुक्या बोंबलांवर चेडू देवचा काय?" चेडू म्हणजे मुलगी. आणि ताट सरकवलं. त्या दिवसापासून त्यांनी घरात मासे खाल्ले नाहीत.

मोरू म्हणाला, "आपण दादरला वकिलाकडे जाऊन लग्न करू. आई तयार आहे. तू फक्त ये." मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मी मनाने गेलेही होते. कोळीवाड्यातलं त्यांचं घर मी बघितलं होतं, दारात पाय ठेवला की समुद्र. तिथे मी कपडे कुठे वाळत घालणार हेसुद्धा ठरवलं होतं.

मग एका दुपारी बाबांनी मला समोर बसवलं. आई बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली, म्हणजे तिला माहीत होतं. बाबा म्हणाले, "बडोद्याचो मुलगो नुसतो नारळ आणि मुलगी मागता, हुंडो नाय. दुसरीकडे तुझा लगीन करूचा तर माका आत जावचा लागतला. तू होय म्हण, मी आत जावचंय नाय."

आत जाणं म्हणजे संप मोडून कामावर जाणं. पोलिसांच्या गाडीतून, तोंडावर टॉवेल घेऊन. आमच्याकडे तेव्हा याहून मोठी शिवी नव्हती. बाबा संपाच्या पहिल्या मोर्चात पुढे होते. कोपऱ्यावरच्या सभेत उभे राहून त्यांनी सांगितलेलं, मरेन पण आत जाणार नाही. माझ्यासमोर बसलेला माणूस तोच होता. मी होय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या जिन्यावर मोरूला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा आत नाय ना जाणार? नक्की?"

"नक्की."

"मग बरं," म्हणाला आणि जिना उतरून गेला. एवढंच.

बडोदा वाईट नव्हतं. माझा नवरा वाईट नव्हता, अजूनही नाही. एका केमिकल कंपनीत नोकरी करून रिटायर झाला, कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. मी भाजीला शाक म्हणायला शिकले, आमटीत गूळ घालायला शिकले, कोणी काही मागितलं की "चालशे" म्हणायला शिकले. मासे सुटले, आमच्या सोसायटीत चालत नव्हते. मुलगी झाली, ती गुजराती शाळेत गेली. या सगळ्यात मला एका गोष्टीचा आधार होता. बाबांची पोस्टकार्डं यायची, त्यांच्या तिरक्या अक्षरात, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक वाक्य असायचंच: "आम्ही अजून बाहेरच आहोत." शेजारणींना मी ते वाचून दाखवायचे. मुलीला सांगायचे, तुझे आजोबा वाकले नाहीत. मनात म्हणायचे, कारण मी वाकले.

पुढे गिरणी बंदच पडली. आईबाबा गावी गेले. ते बडोद्याला कधी आले नाहीत. मी गावी जायचे तेव्हा बाबा माझ्याशी पावसाबद्दल बोलायचे, नातीबद्दल बोलायचे, पण बघायचे अंगणाकडे. मला वाटायचं, मोरूचा राग असेल. अठरा वर्षांपूर्वी ते गेले. नंतर आई गेली.

गेल्या वर्षी धाकट्या भावाकडे बदलापूरला आले होते. भाची म्हणाली, "आत्या, पिक्चरला चल, सगळे रडून येतायत." लोअर परळला घेऊन गेली, जिथे एकेकाळी गिरणीची भिंत होती आणि आता मॉल आहे. सिनेमा पहिल्या प्रेमाचा. गावातली दोघं लहानपणी एकमेकांवर जीव लावतात, ताटातूट होते, आणि पंचवीस वर्षांनी एका धक्क्यावर त्यांची भेट होते. तो तिला लांबून ओळखतो. त्याने लग्न केलेलं नसतं. दोघं चहा पितात, काही बोलत नाहीत, आणि संगीत वाजत राहतं. आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज. भाची म्हणाली, "रडलीस ना?" मी म्हटलं, "एसी फार होता गं."

पण दुसऱ्या दिवशी भावाला देवळात जाते सांगून मी टॅक्सीने वरळी कोळीवाड्यात गेले. वयाच्या साठीला आलेल्या बाईने असं करावं का, मला विचारू नका.

गल्ल्या तेवढ्याच अरुंद होत्या, घरं मात्र वर चढलेली. विचारत विचारत गेले. तो दारात स्टुलावर बसून जाळ्याची भोकं सांधत होता. डोकं पूर्ण पांढरं.

"कोण पायजे, बाय?"

"मी सुनंदा. टायपिंग क्लास."

त्याने चष्मा वर केला. ओळखायला वेळ लागला, पण ओळखलं. आत हाक मारली, "अगो, पाव्हणी आलीय, चहा ठेव." त्याची बायको आली, हसली, मला खुर्ची दिली. दोन मुलगे होते, एक बंदरावर कामाला, एक ट्रॉलरवर. तो स्वतः खुर्चीतल्या नोकरीत कधी गेलाच नाही, आईची मासळीची पाटी उचलली, मग होडी. सगळं साधं सांगितलं, जसं कोणाही ओळखीच्या माणसाला सांगतात.

"बाबा कसे आहेत?" त्याने विचारलं.

"गेले. अठरा वर्षं झाली."

त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. "मग आता सांगायला हरकत नाय. मी त्यांना शब्द दिलेला, तुला सांगणार नाय म्हणून."

मला वाटलं, माझ्याबद्दल काही असेल. वेडी आशा असते माणसाला.

"ते आत गेलेले. तुझं लग्न झालं ना, त्याच्या दुसऱ्या सोमवारी. सकाळी मी पाटी घेऊन बाजारात चाललो होतो, पोलिसांची गाडी गिरणीच्या गेटाशी थांबली. तोंडावर टॉवेल होता, पण चालीवरून ओळखलं मी, मोर्चात बघितलेलं त्यांना. संध्याकाळी बाहेर आले तर पोरांनी शेण टाकलं अंगावर. मग मी थांबायला लागलो गेटावर. कोळ्याच्या पोराला कोण अडवत नव्हतं. त्यांच्या बाजूने चालायचो, चाळीच्या नाक्यापर्यंत. तीन आठवडे. एक दिवस फक्त बोलले, 'तिका सांगू नको.'"

"का गेले?"

"विचारलं नाय. भूक लागलेल्या माणसाला काय विचारायचं?"

चहा आला. मी प्यायले. त्याच्या बायकोने विचारलं, सुकी मासळी देऊ का बांधून? मी म्हटलं, आमच्याकडे चालत नाही. मोरू नाक्यापर्यंत सोडायला आला, टॅक्सी थांबवून दिली, "सांभाळून जा" म्हणाला. त्याच्या डोळ्यात काही शोधावं असं नव्हतं. तो माझ्यासाठी थांबला नव्हता आणि त्याने थांबावंही का? त्याने माझ्या बापाला तीन आठवडे घरी पोहोचवलं होतं, आणि मी बडोद्यात पोस्टकार्डं वाचून दाखवत होते.

रात्री भावाला विचारलं. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने मान खाली घातली. "सगळ्या चाळीला माहीत होतं, ताई. तुला कोणत्या तोंडाने सांगणार? बाबा कार्ड लिहायला बसले की आई उठून बाहेर जायची."

बाबांवर रागावायचा मी खूप प्रयत्न केला. जमत नाही. रागावायला माणूस समोर लागतो, आणि माझ्यासमोर फक्त टॉवेलने झाकलेलं तोंड येतं. मोरूची आठवणही आता पूर्वीसारखी येत नाही. इतकी वर्षं मी त्याला एका मोठ्या गोष्टीसाठी सोडलं असं धरून चालले होते. ती गोष्ट तेरा-चौदा दिवसही टिकली नव्हती.

परवा आमच्या सोसायटीत नवीन कुटुंब राहायला आलं. सून चुणचुणीत आहे, सगळ्यांशी बोलते. माझं गुजराती ऐकून तिला काहीतरी वेगळं वाटलं असावं. जिन्यात थांबवून तिने विचारलं, "मासी, तमारुं पियर क्यां?" पियर म्हणजे माहेर.

चाळीस वर्षं या प्रश्नाला मी डिलाईल रोड म्हणत आले आहे, मान ताठ करून. तोंड उघडलं, पण ते नाव आलं नाही.

"नथी, बेटा," मी म्हटलं, आणि दार उघडून आत गेले.