आत्याचे सारखे वाटे

आमच्या आत्याच्या घरात आजारी एकजण पडायचा, औषध सगळे घ्यायचे. होडी लागली की मासळीचे वाटे पडतात, तसे ती डॉक्टरांच्या गोळ्यांचे वाटे पाडायची. कोळंबी साफ करायच्या कात्रीनं पाकीट कापायचं. दोन गोळ्या तापवाल्याला, एक शिंकणाऱ्याला आणि एक, अजून शिंकला नसला तरी शिंकेल अशा चेहऱ्याच्या माणसाला. तो चेहरा बहुधा माझा असायचा.

"अगं आत्या, सगळ्या गोळ्या एकालाच दिल्यात डॉक्टरांनी."

"ताप उतरला ना त्याचा? मग बाकीच्या गिळून काय बाळसं धरायचं हाय त्याला?"

मुरुडच्या बाजारात तिच्याइतक्या सरळ हाताची, सारखे तुकडे पाडणारी मासळीवाली दुसरी नव्हती. तिच्याशी कोण वाद घालणार? मी तर पदवीधर. गोळी मुकाट्यानं गिळायचो.

गेल्या वर्षी शिंगाळा माशाचा काटा तिच्या उजव्या अंगठ्यात घुसला. अंगठा वांग्यासारखा सुजला. वाट्यातल्या गोळ्या झाल्या, दवाखान्यातल्या झाल्या, शेवटी अलिबागला दाखल केलं. तिथं दोन औषधं एकत्र केलेलं नवं, महागडं इंजेक्शन सुरू झालं. ताप हटेना.

डॉक्टरीणबाई तपासणीचा कागद घेऊन आल्या. "आजी, हे जंतू जुनं औषध जणू कात्रीनं कापून टाकायचे. म्हणून नव्यात दोन घातली. एक जंतूंना मारणार, दुसरं त्यांची कात्री धरून ठेवणार. तुमच्या जंतूंनी कात्रीच बदलली. आता ती धरता येत नाही."

"एवढी हुशारी शिकले कुठं?"

"अर्धवट औषधावर. मरायला कमी, शिकायला भरपूर."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस? आपल्या घरात कोन तरी शिकलं."

हसू आलं, पण फार टिकलं नाही. विष वर चढत होतं. अंगठा काढला नाही तर हात जाईल, कदाचित आत्याही, असं बाईंनी सांगितलं. आत्यानं एवढंच विचारलं, "कोयता धरता येईल ना?"

बाईंनी संमतीचा कागद तिच्याकडे सरकवला. आत्यानं सहीसाठी अंगठा पुढे केला, डावा.

जंतू औषधं शिकले होते, सुरी शिकले नव्हते. आत्या वाचली.

आता ती पुन्हा बाजारात बसते, डाव्या हातानं कापते. तुकडे वाकडे पडतात. परवा एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "मावशी, अंगठा माशानं खाल्ला का हो?"

"न्हाय गं. मीच पोसलेल्यांनी," आत्या म्हणाली, आणि हलव्याचं डोकं कापायला तिनं कोयता उचलला.