बसकाकांची पाठ

आमच्या ह्यांचा चेहरा म्हणजे सुट्टीच्या दिवशीची शाळा. दारं-खिडक्या बंद, आत कोणी आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. लग्नाच्या फोटोतही ते असेच उभे आहेत. शेजारी मी नसते तर फोटो पासपोर्टसाठी काढलाय असंच वाटलं असतं. माणूस लाखात एक, हे मी कुणालाही सांगेन, पण मनातलं काही तोंडावर उमटेल तर शपथ. मी दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावते. दिवसभर घाबरलेले, सुजलेले, उसनं अवसान आणलेले चेहरे बघते, त्यामुळे चेहऱ्यांची पारख आपल्याला आहे असा माझा समज होता. घरच्या चेहऱ्यापुढे मात्र मी हात टेकले होते. "आमच्याकडे येऊन एकदा दात तरी दाखवून घ्या, फुकटात होईल," असं कितीदा सांगितलं. दुखत नाही म्हणायचे आणि तोंड मिटायचे.

हे शाळेची बस चालवायचे. मुलं त्यांना बसकाका म्हणायची. एकच शाळा, एकच रस्ता, आणि इतकी वर्षं की सुरुवातीची मुलं मोठी होऊन आता आपापल्या मुलांना बसमध्ये चढवायला यायची. रात्री जेवताना मला बसमधल्या सगळ्या बातम्या मिळायच्या. कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाचा दात पडला, घर जवळ आलं की कोण रडायला लागतं. गंमत अशी की सांगताना ह्यांच्या तोंडून मुलाचं वर्णन कधी यायचं नाही. एक होता घोगरा, एक होती श्वास न घेता बोलणारी, शेवटच्या बाकावर एक खीखी. एकदा मी विचारलं, "अहो, ती खीखी दिसते तरी कशी?"

"बघितली नाही कधी नीट," हे घास घेत म्हणाले. "मी पुढे बघतो."

बरोबरच होतं. बस चालवणारा माणूस वळून वळून मुलांची तोंडं बघायला लागला तर झालंच कल्याण. मुलांना दिसायची ती ह्यांची पाठ, मान आणि वरच्या आरशातल्या दोन भुवया. एकदा बाजारात एक मुलगी आईचा हात धरून अगदी समोरून आली. हिने ह्यांना ओळखलं नाही, ह्यांनी हिला ओळखलं नाही. आम्ही पुढे गेलो, आणि मागून हाक आली, "बसकाका!" मान बघून ओळखलं होतं पोरीने. हे जागच्या जागी थांबले आणि न वळताच म्हणाले, "खीखी, आज शाळेला बुट्टी का?" मी पिशव्या घेऊन चार पावलं पुढे गेले होते. हसत हसत वळून बघेपर्यंत ह्यांच्या तोंडाला परत कुलूप.

मग शाळेने स्वतःच्या बस बंद केल्या आणि काम एका कंत्राटदाराला दिलं. त्याला तरणे ड्रायव्हर हवे होते. ह्यांना एका दुकानाच्या फरश्या पोचवायचा टेंपो मिळाला. पगार बरा होता, वेळेवर होता, मालक चांगला होता. ह्यांची कसलीच तक्रार नव्हती आणि हीच माझी तक्रार होती. जेवताना विचारलं, "आज काय झालं?" की म्हणायचे, "फरश्या." दुसऱ्या दिवशी विचारलं, तर जरा विचार करून म्हणाले, "पांढऱ्या फरश्या." पूर्वी पोळी हातात तशीच धरून गोष्ट सांगणारा माणूस आता मान खाली घालून जेवायचा, ताट उचलायचा आणि झोपायचा. माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस आटत चालला होता, आणि मला त्याची भीती वाटायला लागली होती.

आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. समोर तळमजल्यावर एक पाळणाघर, रस्त्याच्या बाजूला जवळजवळ जमिनीपर्यंत काच. मधली गल्ली इतकी अरुंद की मी माझ्या टेबलावरून त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघते. एके दिवशी त्यांच्या दारावर कागद लागला : मुलांसाठी मदतनीस बाई पाहिजे. 'बाई' या शब्दाकडे मी सरळ काणाडोळा केला आणि संध्याकाळी ह्यांच्यापुढे अर्ज ठेवला.

"मला कोण घेणार?" हे म्हणाले. "आणि मला मुलांचं काय येतं?"

"इतकी वर्षं काय बटाटे वाहिलेत?"

"मी त्यांना फक्त नेलंय," हे म्हणाले. पण अर्जावर सही केली. नको असतं तर केली नसती, एवढं मी ह्यांना ओळखते.

मुलाखतीला मीही गेले, नाहीतर हे दारातूनच परत फिरले असते. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. दिसायला लहानखुऱ्याच आहेत, एप्रनच्या खिशात रंगीत खडू आणि कोणाचा तरी एक मोजा. बाप्या माणूस अर्ज घेऊन आलेला बघून त्यांनी नाक मुरडलं नाही, हे मला आवडलं.

"मुलांशी बोलता कसं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"समोर बघून."

"छान. म्हणजे मुलाच्या डोळ्यांत बघून."

"नाही," हे म्हणाले. "रस्त्याकडे बघून."

मी डोळे मिटून घेतले. कधीकधी खरं बोलायलाही काळवेळ असते, पण ह्यांना कोण सांगणार? मोठ्या बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "काका, इथे रस्ता नाही. इथे मुलाच्या उंचीला बसायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं. तुमच्या शाळेत मी चौकशी करते. शुक्रवारी सकाळी या, मुलांच्या जेवणापर्यंत थांबा. मग ठरवू."

घरी आल्यापासून ह्यांचा सराव सुरू झाला. आरशासमोर उकिडवं बसायचं आणि हसायचं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि काळजीतच पडले. डॉक्टर 'दुखणार नाही हं' म्हणाले की आमचे पेशंट जसं हसतात, अगदी तसं ते हसू होतं.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात माझं शरीर तेवढं होतं, लक्ष सगळं खिडकीबाहेर. पाळणाघरात त्याच आठवड्यात एक मुलगा नवीन आला होता. त्याचं रडणं इतकं बारीक आणि लांबलचक की ते आम्हाला वर ऐकू यायचं, म्हणून मी त्याचं नाव शिट्टी ठेवलं होतं. हे आत गेले, सांगितल्याप्रमाणे शिट्टीसमोर उकिडवे बसले, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि ते घरी तयार केलेलं हसू काढलं. शिट्टीचा भोंगा झाला. एकाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. हे उठून एका मुलीकडे गेले, तर ती खेळण्यांच्या कपाटामागे जाऊन लपली. तिथल्या ताईची धावपळ उडाली. मोठ्या बाईंनी शिट्टीला खांद्यावर घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं. तेच घड्याळ मीही बघत होते. जेवणाला अजून पुष्कळ वेळ होता.

मला काही बसवेना. ह्यांचा चष्मा पर्समध्ये राहिलाय असं डॉक्टरांना सांगून मी खाली पळाले. चष्मा ह्यांच्या खिशातच होता. हे दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"जमत नाही," हे म्हणाले. "मुलांना माझं तोंड आवडत नाही."

एरवी मी म्हटलं असतं, मला तरी कुठे आवडलं होतं, पण संसार केलाच ना. जिभेवर आलंही होतं. पण ते इतकं साधेपणाने बोलले की मी ते तसंच गिळून टाकलं. आज हे इथून उठले, तर पुन्हा कुठल्या मुलाच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

"जेवणापर्यंत थांबा म्हणाल्यात ना? मग थांबा," मी म्हटलं. "हवं तर एका कोपऱ्यात बसून राहा, पण उठून येऊ नका. फरश्या काही पळून जात नाहीत."

ह्यांनी माझं ऐकलं आणि वर स्वतःचं डोकं चालवलं. तोंडाचाच त्रास होतोय ना, मग तोंड फिरवून बसू. मी जिना चढून जागेवर येऊन बघते तो हे काचेजवळ एका वीतभर खुर्चीवर बसलेले, तोंड रस्त्याकडे आणि पाठ साऱ्या खोलीला. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. शिक्षा झालेल्या मुलासारखे दिसत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी एका पेशंटला दुसऱ्याचाच नंबर देऊन टाकला.

शिट्टीला आता खाली ठेवलं होतं. तो हुंदके देत त्या पाठीकडे बघत उभा राहिला. थोडा जवळ आला. ह्यांच्या शर्टाची कॉलर एक बोट लावून बघितली. पाठीने काहीच केलं नाही. मग तो गेला, एक खुर्ची फरफटत आणली, ह्यांच्या बरोबर मागे लावली आणि बसला.

ह्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते दोन काचांमधून मला कसं ऐकू येणार? पण आणखी एक खुर्ची आली. मग कपाटामागची मुलगी बाहुली घेऊन आली आणि बाहुलीसाठी वेगळी खुर्ची आणली. बघता बघता रांग लागली. ह्यांनी हात वर करून नसलेला आरसा नीट केला. तसं समोरच्या काचेत त्यांना मागचं सगळं दिसत असणारच. मग हे डावीकडे झुकले, आणि मागची सगळी रांग डावीकडे झुकली. उजवीकडे झुकले, रांग उजवीकडे. एक जण खुर्चीवरून खाली आला, आणि न रडता आपला आपण चढून बसला. ताई हातात पाण्याचा जग घेऊन उभीच राहिली. मोठ्या बाई हाताची घडी घालून बघत होत्या.

आणि मग माझं लक्ष ह्यांच्या चेहऱ्याकडे गेलं.

हे हसत होते. ते आरशासमोरचं हसू नव्हे. भुवया वर गेलेल्या, गाल फुगलेले, डोळे बारीक झालेले, तोंड चांगलं उघडं. मधूनच गाल आत ओढून हॉर्न वाजवत होते. हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. मला रडू आलं, आणि खरं सांगते, रागही आला. इतकी वर्षं हे तोंड रोज बसच्या पुढच्या काचेला दाखवत होते. मुलांना पाठ दिसायची, मला कुलूप दिसायचं, आणि हे सगळं जायचं त्या रस्त्याला.

डॉक्टर बाहेर आले. "पुढचा नंबर पाठवताय ना?"

"थांबा हो जरा," मी म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे बघून खिडकीशी आले, आणि तेही थांबले.

माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले तेव्हा मोठ्या बाई ह्यांना सांगत होत्या, "काका, दिवसभर बस चालवता येणार नाही. भरवायचं तर समोर बसूनच भरवावं लागतं. नाकसुद्धा पुढूनच पुसावं लागतं."

"हो," हे म्हणाले.

"पण हा मुलगा आल्यापासून आज पहिल्यांदा न रडता जेवला. सोमवारपासून या. महिनाभर बघू. हळूहळू वळायचं, मुलांकडे."

"हळूहळूच वळतो मी," हे म्हणाले. "मागे मुलं असतात."

मोठ्या बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. तेवढ्यात शिट्टी पुढे आला, मान वर करून ह्यांचं तोंड त्याने नीट बघून घेतलं, आणि परत मागे जाऊन पाठीला टेकून उभा राहिला. एका दिवसात किती अपेक्षा करायची?

संध्याकाळी हे मला न्यायला आले. वाटेत फरशीवाल्या मालकाला फोन झाला. त्यालाही वाईट वाटलं म्हणे, माणूस चांगलाच होता. मग सगळा वेळ बातम्या. शिट्टीचं रडणं नाकातून येतं, घशातून नाही, म्हणजे भीती कमी आणि हट्ट जास्त. कपाटामागची मुलगी बोलताना शेवटचा शब्द दोनदा म्हणते. मी ऐकत होते. चेहरा पूर्ववत होता, कुलूपही जागेवर होतं, पण मला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

घराच्या कोपऱ्यावर हे थांबले. "काचेत नीट दिसत नव्हतं," म्हणाले. "तुला वरून दिसलं असेल. मुलं हसत होती का?"

"मुलांकडे माझं लक्ष नव्हतं."

"मग एवढा वेळ काय बघत होतीस?"

"तुमचा खालचा एक दात वाकडा आहे," मी म्हटलं. "डावीकडचा, अगदी आतला."

ह्यांनी पटकन तोंडावर हात नेला. हाताआडूनच म्हणाले, "डॉक्टरांना दाखवू का?"

"नको," मी म्हटलं. "मला दाखवा अधूनमधून."