कलमाखालची फूट

रोपवाटिकेत तिला सगळे पाचर म्हणायचे. एक तर पाचर कलम बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि दुसरं म्हणजे भांडण कुणाचंही असो, ही मध्ये शिरणारच. मालकाने रोजंदार बायकांची चहाची सुट्टी कापली, तेव्हा कलमाचा चाकू टेबलावर आपटून हिनेच ती परत मिळवली होती. बनवाबनवी करणाऱ्या माणसाचा तिला भयंकर राग. म्हणून तर मावशीच्या तुतीचं प्रकरण तिला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

मावशी नात्याची नव्हे. पाचरच्या थोरल्या भावाची लाँड्री होती, आणि लाँड्रीच्या मागच्या अंगणाला लागून मावशीची एकच खोली. जन्मभर शर्टांना काजं करून मावशीच्या डोळ्यांचं पार वाटोळं झालेलं. माणसं ती आवाजावरून ओळखायची. पण पांढऱ्यावर काळं, फिक्यावर गडद एवढं तिला अजून दिसायचं, आणि तेवढ्या भांडवलावर ती एकटी, ताठ मानेने राहायची. दारात काळ्या तुतीचं झाड. फळांच्या दिवसांत ती सकाळी वाटी घेऊन बाहेर यायची, पोपटी पानांत काळं दिसेल ते तोडायची आणि जांभळ्या बोटांनी येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायची.

तीच फळं वाऱ्याने, पाखरांनी भावाच्या दोऱ्यांवर पडायची. दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी डागांपायी परत यायला लागल्या तसा भाऊ कावला. झाड तोड म्हणत नाही, म्हणाला, पण तू एवढी कलमवाली, काहीतरी अक्कल चालव.

तिने चालवली. रोपवाटिकेतल्या लांब लाल तुतीचा रस काळीइतकाच रंगवणारा, ती बाद. बोटभर लांबीची पांढरी होती, साखरेसारखी गोड, डाग म्हणून नाही. तीच पक्की केली. मावशीला सांगितलं की झाड थकलंय, फळ बारीक पडतंय, पांढरी जास्त गोड आणि हातही रंगत नाहीत. यात एक शब्द खोटा नव्हता. चादरींचं तेवढं बोलली नाही. मावशी म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे, तू म्हणतेस तर कर बाई.

थंडी सरताना, झाडाला जाग यायच्या आधी, तिने फांद्या छाटल्या. ओल्या गोणपाटात जपलेल्या पांढरीच्या काड्या पाचरीसारख्या तासल्या, चिरलेल्या खुंटांत सालीला साल लावून बसवल्या, पट्टीने आवळून वर मेण लावलं. एकही काडी वाया गेली नाही. पुढच्या वर्षी झाड फळांनी लगडलं, चादरी कोऱ्या राहिल्या, आणि भावाने बहिणीसाठी पेढे आणले.

एका सकाळी ती लाँड्रीत आली तर मावशी झाडाखाली उभी. हातात रिकामी वाटी. डोक्यावर, खांद्याला, गालाजवळ पांढरी फळं लोंबत होती आणि मावशी पानांकडे बघत होती. "यंदा धरलं नाही वाटतं," मावशी म्हणाली. "नवीन कलम, व्हायचंच."

पाचरने एक फळ तोडून तिच्या तळहातावर ठेवलं. मावशीने खाल्लं. "गोड आहे गं. कुठून आणलंस?"

इथलंच, असं पाचरच्या तोंडून निघून गेलं. मावशीने मान वर केली, बराच वेळ बघितलं, मग वाटी पदराखाली घेऊन आत गेली.

पाचर आली तशीच घरी गेली. त्यानंतर ती लाँड्रीकडे फिरकलीच नाही. कलमाखाली येणारी रानफूट खुडायला जायला हवं होतं, तेही टाळलं. कामावर चाकू बोटात घुसवून घेतला. मग भावानेच सहज बोलता बोलता सांगितलं की मावशी भाच्याकडे राहायला चाललीय, शिलाई मशीन विकायला काढलंय. म्हणते, उरलेसुरले डोळेही गेले, आता एकटीने राहण्यात अर्थ नाही.

पाचर तशीच उठली. मावशीचं दार वाजवलं, तिला हाताला धरून बाहेर आणलं. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्याआधी मावशीच मध्येच थांबली. भिंतीकडच्या बाजूला, कलमाच्या खाली, जुन्या खोडातून एक फूट आली होती. पाचर वेळेवर आली असती तर तिने ती अंगठ्याने कधीच मोडली असती. तिच्यावर चार फळं धरली होती, काळीभोर.

"हे दिसतंय मला," मावशी म्हणाली आणि हात न चाचपडता थेट फळावर नेला.

"तुमचे डोळे होते तसेच आहेत, मावशी. पांढरी फळं तुम्हाला दिसत नाहीत. ती मी लावली. दादाच्या चादरींसाठी."

मावशीने फळ खाल्लं. बोटं पदराला पुसली, मग पदराकडे बघत राहिली. म्हणाली, "मला विचारलं असतंस तर अर्धं झाड मी आपण होऊन दिलं असतं." पाचरने माफी मागितली, तर मावशी म्हणाली, ते नंतर बघू, आधी मशीनवाल्याला नको म्हणून सांगून ये.

मशीन राहिलं, मावशीही राहिली. ती फूट पाचरने वाढू दिली, तिच्याच काड्या घेऊन त्या बाजूच्या तीन फांद्यांवर पुन्हा काळी बांधली. भाऊ तोंड वाकडं करत दोऱ्या पलीकडे सरकवत गेला. तरी एखादी चादर डागाळतेच. ती पाचर स्वतः धुते. तुतीच्या डागावर तुतीचंच कच्चं फळ चोळलं की तो उतरतो. पण सगळा नाही. आणि मावशी अजून सगळ्यांना वाटीतली फळं वाटते, पाचर आली की मात्र वाटी पुढे करत नाही, नुसती खाली ठेवते. घ्यायचं तर तिने आपल्या हाताने घ्यावं.