जूनमध्ये विकलेले नॉर्दर्न लाइट्स

घाटकोपरच्या एका टूरवाल्याने माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असतं तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण त्याने तिला सांगितलं की जूनमध्ये फिनलंडला चला, नॉर्दर्न लाइट्स दाखवतो. फिनलंडच्या उत्तरेला जूनमध्ये रात्रच होत नाही. सूर्यच मावळत नाही, तर आकाशातला तो हिरवा प्रकाश दिसणार कुठून? हे मला तिथे जाऊन कळलं. त्याचा तर धंदाच हा.

साकीनाक्याला आमचा बिजागऱ्यांचा गाळा आहे. सुरुवातीला तिथे पत्रा कापायचं एक प्रेस मशीन, मी आणि ही, एवढेच होतो. तयार बिजागरी ही ट्यूबलाइटखाली धरायची आणि म्हणायची, "भोक तिरकं गेलंय." मी माप लावलं की तिचंच खरं निघायचं. त्याच डोळ्यांना काचबिंदू झाला. कडेचं दिसणं गेलं, मधलं तेवढं राहिलं. दिवेलागणीला घरातल्या घरात ती भिंतीला हात लावून चालते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं बघू.

त्याच सुमारास कोणीतरी मोबाइलवर त्या हिरव्या प्रकाशाचा व्हिडिओ पाठवला. हिने फोन नाकासमोर धरून तो पुन्हा पुन्हा बघितला.

"अहो, आभाळात कोणी हिरवा शालू वाळत घातलाय जसा. हे खरंच असतं का हो असं?"

या बाईने संसारात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हेही मागितलं नाही, नुसतं विचारलं. मला तेवढं पुरलं.

टूरवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याच्याकडे फिनलंडचा एकच ग्रुप होता, जूनचा. घासाघीस मी बिजागरीच्या पत्र्यासाठी करतो तशीच केली, त्याचा चहा गार होईपर्यंत. भाव ठरला की शेवटी एक प्रश्न विचारायचा ही माझी सवय आहे. भाजीवाल्याकडे आपण मिरची-कोथिंबीर मागतो तसंच. म्हटलं, "ठरलं. आता वर काय देतोस?"

"काय पाहिजे काका?"

"नॉर्दर्न लाइट्स. हिला तेच बघायचंय. हिच्या डोळ्यांचं असं असं आहे."

त्याने गार झालेला कप बाजूला सारला. मग माझ्याकडे न बघता हिच्याकडे वळून म्हणाला, "काकू, डोळे भरून बघाल." आणि मला हळूच, "काका, ग्रुपमध्ये कुणाला बोलू नका हं. सगळेच मागायला लागतील."

इथे मी अडकलो. कारण हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना म्हणतो. एखाद्याला जास्तीचं काही दिलं की त्याला सांगतो, बाहेर बोलू नकोस. म्हणजे माणूस खरंच काहीतरी देतोय अशी माझी खात्रीच पटली. ग्रुपमध्ये मी तोंड उघडलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी हसून सांगितलं असतं, काका, जूनमध्ये कुठले लाइट्स! पण मी विमानात गप्प आणि बसमध्येही गप्प. हिलाही गप्प बसवलं.

फिनलंड हा देश मात्र प्रामाणिक निघाला, हे सांगायलाच हवं. तिथे नळाचं पाणी बिनधास्त पितात. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की ठेव परत मिळते. आई आत कॉफी पितेय आणि तान्हं पोर बाहेर ढकलगाडीत गाढ झोपलंय, हे बघून हिचा जीव खालीवर झाला. ती तिथे राखण करत उभी राहिली. आई बाहेर आली तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. घरोघरी वाफेची खोली असते आणि त्यात बसून घाम गाळायला ते लोक सणासारखे जमतात. आम्ही साकीनाक्याच्या गाळ्यात मे महिन्यात उभे राहून ते फुकट करतो, असं मी म्हटलं तर ही म्हणाली, "हळू बोला, इथे कुणी मोठ्याने बोलत नाही." खरंच बोलत नाहीत. बसस्टॉपवर दोन माणसांच्या मध्ये तिसरा आरामात मावेल एवढं अंतर ठेवून उभे राहतात. एक काळी गोळी ते लोक आवडीने चघळतात, ती खारट! हिला ती हिंगाच्या गोळीची बहीण वाटली, तिने पाकीटच घेतलं. मी भाव करायला गेलो तर दुकानदार चिडला नाही की हसला नाही. नुसता बघत राहिला. शेवटी मीच दमलो. आणि डास! बर्फाच्या देशात डास नसतील असं वाटत असेल तर जूनमध्ये उत्तरेला जाऊन बघा. रेनडिअरसुद्धा त्यांना वैतागून डांबरी रस्त्यावर येऊन उभे राहतात.

रोज जेवणं झाली की ही मला कोपराने ढोसायची. "आज?"

मी म्हणायचो, "काळोख तर होऊ दे."

काळोख होईना. शेवटी मी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, लाइट्स दिसले की आमच्या खोलीत फोन करा. तिने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग म्हणाली, "आता दिसत नाहीत."

"मग कधी?"

"ऑगस्टच्या शेवटी. अंधार परत आला की. वर असतीलही, पण या उजेडात ते कसे दिसणार?"

ती हसली असती तर मला राग काढायला बरं झालं असतं. मी तिथूनच टूरवाल्याला फोन लावला.

"ढग असतील काका. निसर्ग आपल्या हातात असतो का?"

"ढग नाहीत रे! सूर्य आहे! डोक्यावर तळपतोय!"

"मग झकास ना! एन्जॉय करा." फोन बंद.

खोलीत जाऊन हिला सांगितलं. ती पलंगावर बसून होती. खिडकीचा जाड पडदा तिने बाजूला सारला आणि म्हणाली, "चला, फिरून येऊ."

तळ्याकाठी वाट होती. घड्याळात झोपायची वेळ झालेली, आणि पोरं फुटबॉल खेळत होती. निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं की हिने माझा हात धरलेला नाही. ती पुढे चालली होती, मान डावी-उजवीकडे फिरवत, झाडं बघत, घाई न करता.

"अहो," ती मागे वळून म्हणाली, "इथे मला संध्याकाळच होत नाही."

मी तिच्या मागेमागे चालत राहिलो. पण हे त्या टूरवाल्याने दिलेलं नाही. ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं, तेव्हा त्याने ते स्वतःच्या खात्यात धरू नये.

परत आल्यावर मी त्याच्या ऑफिसात गेलो. म्हणाला, काश्मीरला सवलत देतो. मी म्हटलं, सवलत नको, घरी येऊन तिच्याशी बोल. "पुढच्या आठवड्यात येतो काका." तेव्हापासून मी गेलो की साहेब मीटिंगमध्ये असतात.

ही मला म्हणायची, जाऊ दे. मग परवा डोळ्यांत औषध घालून, पापण्या मिटून पडली होती, तशीच म्हणाली, "त्याला माहीत होतं का हो?"

"असणारच."

"तुम्ही नका सांगू, तुम्ही रागात आहात. त्याला विचारा. माहीत नसेल तर चुकला बिचारा. पण माहीत असून माझ्याकडे बघून तसं बोलला असेल..."

तिला एवढंच हवंय. त्याच्या ऑफिसातून आमच्या सोसायटीत यायला रिक्षावालाही नको म्हणेल, इतकं जवळ आहे. लिफ्ट चालू आहे. त्याने यावं आणि तिच्या अगदी समोर बसावं. बाजूला बसला तर तिला दिसणार नाही. आणि सांगावं: काकू, मला माहीत होतं, की नव्हतं. बोल रे. ती वाट बघतेय.