चिठ्ठी त्याची, शिक्का माझा

"कर ना. खाली माझी नक्कल करतोस म्हणे. इथे कर, पेशंटना पण बघू दे."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून बोलला. केबिनचा दरवाजा त्याने उघडाच ठेवलेला. बाहेर बाकावर सात-आठ माणसं, सगळ्यांच्या माना आत. मी दारात उभा. हातात एक चिठ्ठी, अंगात मेडिकलचा पांढरा कोट. त्याच्या अंगात कोट नव्हता. त्याला गरज नव्हती.

मी गेलो होतो काय विचारायला आणि चाललेलं काय.

एव्हरशाईन सिटीत खाली मेडिकल, वर त्याचा दवाखाना. मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट. बारावीनंतर डी.फार्म., मग नोकरी करत करत बी.फार्म. घर जूचंद्रला. आमच्या आळीत शिकून औषधं ओळखणारा मी पहिलाच, त्यामुळे अर्धं गाव पाच किलोमीटर रिक्षा करून माझ्याच काउंटरवर येतं. त्या दिवशी आमच्या शेजारची मावशी आलेली. रक्ताची मावशी नाही, पण माझी आई मिठागरावर जायची तेव्हा मला तिनेच जेवू घातलंय. गुडघे सुजले म्हणून वर डॉक्टरला दाखवलं, चिठ्ठी घेऊन खाली आली.

मी चिठ्ठी बघितली. दुखण्याची गोळी, जोरकसवाली, दिवसातून दोनदा, दहा दिवस.

मावशीच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी ती रोज घेते, ती मीच देतो, दर महिन्याला. त्या गोळीवर ही गोळी म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती. हे काय मोठं गुपित नाही. दुसऱ्या वर्षाला शिकवतात. परीक्षेत येतं.

चिठ्ठीचा फोटो काढून मी डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली लिहिलं, सर, या पेशंट रक्त पातळ करायच्या गोळीवर आहेत. मग फोन केला.

"वर ये," एवढंच बोलला.

आणि वर गेलो तर हे. नक्कल कर.

आता माझी सवय सांगतो. शाळेपासून मी नकला करतो. मुख्याध्यापक, पीटीचे सर, भाजीवाली, सरपंच, कोणाला सोडलं नाही. मार पडायची वेळ आली की मी त्याच मास्तरच्या आवाजात काहीतरी बोलायचो, वर्ग हसायचा, मास्तर पण हसायचा, मी सुटायचो. माझं आयुष्य असंच चाललेलं. डॉक्टरची नक्कल मी मेडिकलमध्ये करायचो, गिऱ्हाईक नसलं की. ती कोणीतरी वर पोचवली. सोबत आणखी एक गोष्ट पोचवली. मी बोललो होतो की काही देशांत फार्मासिस्टला साध्या दुखण्यांवर स्वतः औषध लिहायचा हक्क आहे. सर्दी, नायटा, तोंड येणं, लघवीची जळजळ, असल्यांवर. आपल्याकडे पण पाहिजे.

"ऐकलंत का," डॉक्टर बाहेरच्या बाकाला बोलला, "हे आता औषध लिहून देणार. मग मी काय करू, खाली जाऊन साबण विकू?"

बाक हसला.

"सर, मावशींच्या गोळीचं..."

"आधी नक्कल. मग मावशी."

मी केली.

हो. केली. खोटं कशाला बोलू. खुर्ची नव्हती तर उभ्यानेच केली. एका हाताने हवेत पेन चालवलं, पेशंटकडे बघितलं नाही. "हं. हं. कधीपासून? हं. झोप लागते? हं." पेशंटचं वाक्य संपायच्या आत चिठ्ठी फाडली. "पाच दिवसांनी या. नेक्स्ट."

बाहेर लोक पोट धरून हसले. कारण खरं होतं. सगळ्यात मोठ्याने डॉक्टर हसला.

"मस्त. आता तुझी स्वतःची कर. मेडिकलवाल्याची."

हे व्हायला नको होतं. इथे माझे पाय मागे फिरायला पाहिजे होते. नाही फिरले. मी खांदे पाडले, हात जोडले, आवाज बारीक केला. "हो सर. देतो सर. ही कंपनी नाहीये सर, दुसरी चालेल सर? सॉरी सर."

या वेळी मी कोणाची नक्कल करत नव्हतो. रोज फोनवर मी असाच बोलतो.

हसणं संपलं तसा डॉक्टर पुढे झुकला. चेहरा एकदम सपाट.

"तू दुकानदार आहेस. वाचता येतं ना? लिहिलंय ते द्यायचं. तुला विचार करायचे पैसे मिळत नाहीत."

मावशीच्या गोळीबद्दल एक शब्द नाही. चिठ्ठी माझ्याच हातात राहिली.

मी खाली आलो. मावशी प्लास्टिकच्या स्टुलावर पिशवी मांडीत धरून बसलेली.

"काय बोलला रं डाक्टर? ना हासत कोन व्हतं वर?"

आणि मी काय केलं? तिला डॉक्टरच्या आवाजात बोललो, "घ्या मावशी, काही होत नाही." ती हसली. मी पट्टी दिली, चिठ्ठीवर मेडिकलचा शिक्का मारला, सही केली. ती गोळ्या पिशवीत टाकून गेली.

मला माहीत होतं. हे वाक्य मी रोज एकदा मनात बोलतो. मला माहीत होतं.

सातव्या दिवशी मावशी मोरीत चक्कर येऊन पडली. दोन दिवसांपासून काळी शी होत होती, पोटात रक्त जात असल्याची ती खूण, पण तिला वाटलं लोहाच्या गोळीने होते तसं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा अंगातलं रक्त निम्म्यावर आलेलं. बाटल्या चढवल्या. जगली. पण ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावरून टोपल्या वाहिल्या, ती आता बिछान्यावरून संडासपर्यंत भिंत धरून जाते.

हॉस्पिटलात होती तेव्हा मी भेटायला गेलो. वाटेत दोन-तीन विनोद जुळवून ठेवले होते. तिच्या खाटेजवळ उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नीट बघितलं.

"बाला, तुला म्हाईत व्हता ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग मना सांगलास का नाय?"

एक पण विनोद बाहेर आला नाही. इतकी वर्षं प्रत्येक वेळी सुटलो, त्या खाटेपाशी नाही सुटलो. तिने तोंड भिंतीकडे केलं. मी तसाच उभा राहिलो, नर्सने बाहेर काढेपर्यंत.

परत आलो तर शेठ काउंटरवर. शेठ म्हणजे मेडिकलचा मालक. तो बोलला, "टेन्शन नको घेऊ. चिठ्ठी डॉक्टरची. आपण फक्त दिलं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "घसा बसलाय, एक डोस बनवून द्या." शेठने माझ्याकडे बघितलं. रोजचंच काम. तीन वेगवेगळ्या पट्ट्या घ्यायच्या, कात्रीने एकेक गोळी कापायची, नाव छापलेला भाग आपल्याकडे ठेवायचा, कोऱ्या कागदाची पुडी बांधायची. का? नाव कळलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या मेडिकलमधून घेईल. त्यात अँटिबायोटिकची एक गोळी पण जाते, आणि एका गोळीने जंतू मरत नाही, फक्त हुशार होतो.

कात्री हातात होती आणि मला पहिल्यांदा दिसलं मी काय करतोय ते. अरे, मी तर रोज औषध ठरवून देतोय. दिवसातून चाळीस वेळा. मला परवानगी नाही असं वर डॉक्टर बोलतो, कायदा बोलतो, आणि खाली शेठ बोलतो बनव. गिऱ्हाईक मला विचारत नाही तू शिकलास किती, मी त्याला विचारत नाही तू आधी कुठली गोळी घेतोस. बरं वाटलं तर कोणाचं नाव नाही. मेला तर कोणाचं नाव नाही. ही चोरी सगळ्यांना चालते. मी उघडपणे, विचारून, लिहून, खाली सही करून देतो बोललो, की बाक हसतो.

मी कात्री खाली ठेवली. गिऱ्हाइकाला बोललो, मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करा, ताप आला किंवा गिळता येईना झालं तर डॉक्टरकडे जा. शेठच्या कपाळावर आठ्या.

दोन दिवसांनी वरून बोलावणं आलं. शेठ माझ्यासोबत आला. केबिनचा दरवाजा या वेळी बंद. डॉक्टर बोलला, "बस ना." त्या खोलीत मला कोणी बस बोललं ती पहिली वेळ. "चहा घेणार?"

मावशीचा मुलगा येऊन गेला होता. तक्रार करणार बोलत होता. पण पळापळीत घरच्यांकडून चिठ्ठी हरवलेली, हे डॉक्टरने त्याच्या बोलण्यातून काढून घेतलेलं.

"हे बघ," डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलला. "तू एवढंच लिहून दे की बाईंनी गुडघा दुखतो म्हणून काउंटरवर गोळी मागितली आणि तू दिलीस. साधं दुखणं आहे. तुम्ही लोक देताच की. तुला काही होणार नाही, मी आहे."

शेठ बोलला, "लिहून टाक. साहेब आपले आहेत."

मला हसूच आलं, पण वेगळं. त्या दिवशी मी दुकानदार होतो, मला विचार करायचा नव्हता. आज चिठ्ठीशिवाय गोळी ठरवणारा झालो. अधिकार द्यायचा नाही, गुन्हा मात्र द्यायचा. तोही चहासोबत.

मी खांद्यावरचा हात काढला. हळूच काढला.

"चिठ्ठी हरवली असेल सर. फोटो माझ्याकडे आहे. तुम्हालाच पाठवलेला, फोन करायच्या आधी. निळ्या टिक आल्यात त्यावर."

शेठने माझ्या पाठीत बोट रुतवलं.

"मी लिहून देतो ना. सगळं देतो. तुम्ही चिठ्ठी लिहिली, मी फोटो पाठवला, फोन केला, तुम्ही वर बोलावून मला नाचवलं. मग मी खाली जाऊन गोळी दिली. मला माहीत असून दिली. हे पण लिहिणार. माझ्या नावाने, माझ्या रजिस्ट्रेशन नंबरसकट."

"करिअर संपेल तुझं."

"संपू दे. माझा भाग माझा आहे. तुमचा तुम्ही घ्या."

हे मी माझ्या आवाजात बोललो. तो आवाज मला पण नवीन होता. जरा घोगरा आहे.

जिन्यातच शेठ बोलला, उद्यापासून येऊ नको. ठीक. मी दुकानात गेलो, स्टूल ओढलं, भिंतीवरची माझ्या प्रमाणपत्राची फ्रेम काढली. शेठ ओरडला, फ्रेम राहू दे, महिन्याचं भाडं देतो. हे पण आपल्याकडे चालतं. फार्मासिस्ट घरी, त्याचा कागद भिंतीवर, काउंटरवर कोणीही. मी बोललो, "माणूस नको, कागद पाहिजे?" आणि फ्रेम बगलेत मारून निघालो. माझं नाव आता या दुकानात नाही, हे त्याच दिवशी परवाना देणाऱ्या कचेरीत लेखी कळवलं.

तीन पानं लिहिली. एक प्रत मावशीच्या मुलाला, फोटोसकट. त्याने वाचली आणि माझ्या कानाखाली मारली. मी उभा राहिलो. त्याचा हक्क होता. तक्रार दाखल झाली आहे, त्यात डॉक्टरचं नाव आहे आणि माझं पण. माझ्यावर काय कारवाई होईल माहीत नाही. मावशी माझ्याशी बोलत नाही. आई बोलते, पण जेवताना ताट जरा आपटूनच ठेवते.

आता मी जूचंद्रमध्येच एका लहान मेडिकलला आहे. मालकाला पहिल्या दिवशी सांगितलं, कोरी पुडी बांधणार नाही. प्रत्येक पाकिटावर औषधाचं नाव, कशासाठी, किती वेळा, आणि खाली माझं नाव. समोरच्याला आधी विचारणार, दुसरी कुठली गोळी चालू आहे का. चिठ्ठीचं औषध चिठ्ठीशिवाय नाही. धोक्याची चिठ्ठी असेल तर कितीही मोठ्या डॉक्टरची असो, माझ्या काउंटरवरून परत जाईल, आणि परत का गेली ते मी पेशंटला त्याच्या भाषेत, तोंडावर सांगेन.

आणि साध्या दुखण्यांवर औषध लिहायचा अधिकार मी मागतच राहणार. छाती तपासायचा नाही, पोट फाडायचा नाही. जे मी शिकलोय, जे हे सगळे माझ्याकडून चोरून करून घेतात, तेवढ्याचा. वाटल्यास अजून शिकवा, परीक्षा घ्या, नोंदवह्या तपासा, चुकलो तर परवाना काढून घ्या. पण आधी मला चुकण्याइतका माणूस तरी धरा. दुकानदार बोलून गप्प करायचं आणि रक्त सांडलं की माझ्याकडे बोट दाखवायचं, हे आता होणार नाही. जे देईन ते सही करून देईन. जे नाकारेन, तेही सही करूनच नाकारेन.